'बीसीसी'तला पत्ता खरंच लपतो का?

जमातीची नोटीस असो, शिष्यवृत्तीची यादी असो की निकाहसाठी आलेली स्थळं, एकच ईमेल शंभर घरांत पाठवायची वेळ आपल्यावर येतेच. पत्ते 'टू' किंवा 'सीसी'त टाकले की प्रत्येकाला सगळ्यांचे दिसतात. म्हणून 'बीसीसी', म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी. नाव टाइपरायटरच्या जमान्यातलं, कार्बन पेपरवरून आलेलं.

टपालासारखंच ईमेललाही पाकीट आणि आतलं पत्र असतं. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते बघून मेल पोहोचवतो. आपल्याला दिसणाऱ्या 'टू', 'सीसी'च्या ओळी आतल्या पत्रावरच्या. त्यामुळे बीसीसीचा पत्ता पाकिटावर ठेवून पत्रावरून खोडता येतो, आणि हे खोडणं सॉफ्टवेअरचं काम. २००८ सालचा 'आरएफसी ५३२२' हा तांत्रिक नियम तीन पद्धती मान्य करतो: बीसीसीची ओळ सगळ्या प्रतींतून काढणं, ती फक्त बीसीसीवाल्यांच्या प्रतीत ठेवणं, किंवा ओळ ठेवून पत्ते गाळणं. आमच्या मते पहिलीच बरी. दुसरीत बीसीसीवाले एकमेकांना दिसू शकतात. तिसरीत नावं नसली तरी कुणाला तरी गुपचूप प्रत गेली, हे उघड होतं. पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये मात्र पूर्ण यादी राहायलाच हवी.

दुसरा धोका 'रिप्लाय ऑल'चा. बीसीसीवाल्याने ते बटण दाबलं की 'टू' आणि 'सीसी'तल्या सगळ्यांसमोर तो स्वतःच उघडा पडतो. सॉफ्टवेअरने त्याला त्याच वेळी टोकायला हवं.

पत्ता उघड होणं किती महागात पडू शकतं, ते अफगाणांच्या बाबतीत दिसलं. तालिबानने काबूल घेतल्यावर, सप्टेंबर २०२१ मध्ये, ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने देश सोडू पाहणाऱ्या २४५ जणांना एक मेल पाठवला. सगळे पत्ते 'टू'त! ५५ जणांचे छोटे फोटोही दिसले. दोघांनी 'रिप्लाय ऑल' केलं, त्यातल्या एकाने आपला ठिकाणाही सांगून टाकला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला.

इथे बीसीसी बिघडलं नव्हतं, ते वापरलंच गेलं नव्हतं. म्हणूनच थंडरबर्डसारखा प्रोग्राम 'टू' आणि 'सीसी'त १५ पत्ते झाले की इशारा देतो, ते आम्हाला योग्य वाटतं. पण इशारा न वाचता पुढे जाणारे खूप. मदत घेणाऱ्यांची किंवा आजारी माणसांची यादी असेल, तर बीसीसीच्याही भरवशावर राहू नये. प्रत्येकाला वेगळा मेल पाठवणारी मेल मर्जची सोय वापरावी.