आण्यांत मोजलेले पीक

वेळापूरचे नाव निघाले की अभ्यासक अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे आणि यादवकालीन शिलालेखांकडे वळतात. महसुली दप्तरातील एका आकड्याचा मागोवा मात्र सहसा कोणी घेत नाही. तो आकडा म्हणजे आणेवारी. शेतकऱ्याला सरकारी सूट वा मदत मिळणार की नाही, हे शंभराहून अधिक वर्षे या आकड्यावर ठरत आले.

वेळापूरच्या उत्तरेस, नीरेपलीकडे इंदापूर तालुका आहे. प्रिंगल या अधिकाऱ्याने तेथे निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला आणि तो बोजा न पेलून जमिनी ओस पडल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी केली. जमिनीची प्रत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्गांत लावली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. चांगल्या सालाने वाईट साल सावरावे, म्हणजे दरसाल सुटीची चौकशी नको आणि त्यातली वशिलेबाजीही नको, असा यामागचा हिशेब होता.

दुष्काळी मुलखात तो पुरा पडला नाही. पाऊस न पडताही सारा रोख भरायचा, म्हणजे सावकाराचे दार गाठणे आले. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. पाठोपाठ १८७६-७८चा दुष्काळ आला. १८८३ आणि १८८४ मध्ये तगाईचे कायदे झाले. वसुलीच्या तहकुबीलाही नियम आले: पीक चार आण्यांच्या आत असेल तर पूर्ण सारा तहकूब, चार ते सहा आणे असेल तर निम्मा. १९१८च्या खेडा सत्याग्रहात गांधीजी आणि सरकार यांच्यातील वादाचा गाभा हाच होता. पीक चार आण्यांच्या आत आहे, असे शेतकरी म्हणत; अधिकाऱ्यांची आणेवारी त्याहून जास्त येई. नियम दोघांना मान्य होता, भांडण मोजमापाचे होते.

१९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैसे ही सीमारेषा ठरली. सारा नाममात्र उरला तरी पैसेवारीला कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती जोडल्या गेल्या. त्यामुळे एकोणपन्नास आणि एक्कावन्न पैशांमधले अंतर गावाला फार मोठे वाटू लागले.

पीकविम्याने हाच प्रश्न नव्या रूपात आणला. साताऱ्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये क्षेत्राधारित विम्याची मांडणी केली. एकेका शेताची नुकसानी मोजणे खर्चाचे आणि संशयाचे. म्हणून ठरावीक क्षेत्राची सरासरी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. १९७९ मध्ये प्रायोगिक योजना आली, १९८५ मध्ये पीककर्जाला जोडलेली व्यापक योजना आणि २०१६ मध्ये प्रधानमंत्री योजना. तिच्यात शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २, रब्बीला १.५ आणि नगदी पिकांना ५ टक्के. उरलेला भार केंद्र आणि राज्य यांचा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा वाटा एका रुपयावर आणला आणि २०२५च्या खरिपापासून ती सवलत थांबवली.

चर्चा हप्त्याची होते. भरपाई मात्र मोजमापावर ठरते. महसूल मंडळ हे एकक धरले, तर पिकामागे दहा कापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी मंडळभर लागू होते. माळशिरस तालुक्यात एकीकडे नीरा उजव्या कालव्याखालचा ऊस, तर दक्षिणेला पिलीवकडे पावसावरचे रान. पाण्याखालची आणि कोरडवाहू बाजरी एकाच सरासरीत आली, की भिजलेले शेत आकडा वर उचलते आणि वाळलेल्या शेताच्या धन्याला काहीच मिळत नाही. उलटेही घडते; पण त्याची तक्रार कोणी करत नाही.

विंगेट आणि दांडेकर दोघांनाही माणसाच्या मर्जीपेक्षा ठरलेला नियम बरा वाटला, आणि त्यात तथ्य होते. मात्र क्षेत्र जितके रुंद, तितके एकट्याचे दुःख त्यात बुडते. म्हणून अनुदान किती, यासोबत आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: पीक कोणाच्या रानात मोजले?