करून राहणे, करत राहणे (वऱ्हाडी बोली)

‘राहणे’ या क्रियापदाचे वऱ्हाडीतील दोन संयुक्त प्रयोग; ऐकायला जवळचे, अर्थाने वेगळे. वाशिम जिल्ह्यात दोन्ही नित्याचे आहेत. उच्चार : करून रायला, करू रायला, करत रायला.

अर्थभेद : पहिला प्रयोग चालू क्रिया सांगतो, दुसरा न थांबता चाललेली मागची क्रिया. ‘पानी येऊन रायलं’ म्हणजे पाऊस आत्ता पडतो आहे. ‘पानी येत रायलं’ म्हणजे तो पडतच राहिला. पहिल्यात रूप भूतकाळाचे, पण काळ वर्तमान. म्हणून मागची गोष्ट सांगताना ‘येऊन रायलं होतं’ असे म्हणावे लागते. सोयाबीनच्या दिवसांत ‘भाव उतरून रायला’ असा निरोप आला, तर घसरण सुरू आहे आणि माल न्यायचा की ठेवायचा हे आजच ठरवायचे आहे. ‘भाव उतरत रायला’ ही सरल्या दिवसांची हकिकत. नकार मधे बसतो : ‘ऐकून नाही रायला’. लिंगवचनाप्रमाणे रायली, रायलं, रायले, प्रथमपुरुषी रायलो.

प्रमाण मराठीत पहिल्याच्या जागी ‘करत आहे’ येते. बाहेरून आलेल्या डॉक्टरला ‘लेकरू ओकून रायलं’ हे ओकणे संपल्यासारखे वाटू शकते. आई मात्र ते चालूच असल्याचे सांगत असते. शाळेच्या वहीत हा प्रयोग अशुद्ध म्हणून खोडणे गैर आहे. तो बोलीचा नियमबद्ध वर्तमानकाळ आहे.

व्युत्पत्ती : हिंदीतील ‘कर रहा है’शी साम्य उघड आहे. उसनवारी किती व बोलीची स्वतःची वाढ किती, यावर एकमत नाही.

नोंदी : ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा पाहणीचा सातवा खंड (१९०५) मराठी व तिच्या बोलींना वाहिलेला असून तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. त्याच वर्षी तेव्हाचा बाशीम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे तालुके मिळून वाशिम जिल्हा झाला. मधल्या काळातील जिल्हावार नोंदींत इथली बोली अकोल्याच्या नावाखाली शोधावी लागते.

साहित्य : वऱ्हाडी बोलीच्या वापरासाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी महत्त्वाची.