गोष्टीला श्रोता हवा : वसईतल्या घरोघरच्या वाचनाविषयी

नुकतीच वाचून संपवलेली कादंबरी रात्री जेवताना घरातल्यांना सांगणे, तिच्यातल्या माणसांवरून आईशी किंवा भावाशी वाद घालणे, हे वाचनाचे शेपूट आहे असे आपण समजत आलो. खरा वाचक म्हणजे कोपऱ्यात एकटा बसून वाचणारा. वसई-विरारच्या वाचनाचा माग काढू लागले की ही समजूत टिकत नाही. या पट्ट्यात गोष्ट आधी कानांनी घरात शिरली, डोळ्यांनी फार उशिरा. कादंबरी वाचून ती घरात सांगणे हेच इथले वाचनाचे मूळ रूप आहे, आणि एकट्याने मुकाट वाचणे हे त्यातून पुढे फुटलेले अंग आहे, असे माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा थेट गोष्टींच्याच पोटात सापडतो. चातुर्मासात घरोघर सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांपैकी आदित्यराणूबाईची कहाणी पाहा. त्यातली राणी हाती सहा मोती घेऊन उपाशी माणूस शोधत हिंडते. तीन मोती ऐकणाऱ्याला द्यायचे, तीन आपण ठेवायचे, मग कहाणी सांगायची. कोणी मोळीविक्या भेटतो, कोणी माळी, कोणी म्हातारी, आणि ऐकणाऱ्याचे भले होते. सांगणारी राणी असली तरी श्रोत्यावाचून तिची कहाणी पुरी होऊ शकत नाही, हे कहाणी स्वतःच सांगते. मोत्यांची वाटणीही अर्धी-अर्धी आहे. याहून स्पष्ट वाचनशास्त्र मला ठाऊक नाही. पोथीवाचनातही हेच दिसते. कवी श्रीधरांचा ‘हरिविजय’ 1702 चा, ‘पांडवप्रताप’ 1712 चा. एकाने पोथी लावायची आणि बाकीच्यांनी भोवती बसायचे, ही रीत मराठी मुलखात त्या ग्रंथांनी पक्की केली. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला तेव्हा या पोथ्यांचे वय दोन पिढ्यांहून अधिक नव्हते.

दुसरा पुरावा धर्माच्या पलीकडच्या काठावरून येतो. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती, आणि त्याच सत्तेखालच्या गोव्यात 1579 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी एक विलक्षण प्रसंग येतो. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग मन रमवायला तशी एखादी रचना आम्हाला का देत नाही? धर्म बदलला, पण गोष्टीची भूक तशीच राहिली, आणि ती भूक मंडळीत बसून ऐकण्याची होती. त्या ग्रंथाच्या सतराव्या शतकातल्या छापील प्रती आज मिळत नाहीत. मंगळुरूकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो गात, नकलून घेत जपला, म्हणून संपादक सालढाणा यांना 1907 मध्ये तो पुन्हा छापता आला. छापखान्याने जे गमावले ते घरांनी राखले.

यावर रास्त आक्षेप असा की पोथी आणि पुराण म्हणजे कादंबरी नव्हे. तिथे पुण्य मिळवायचे असते. कादंबरीत मात्र एका माणसाचे मन दुसऱ्या माणसाने निवांत उकलायचे असते, आणि त्याला एकांत लागतो. आक्षेपाचा उत्तरार्ध मला मान्य आहे. पण मराठी कादंबरी एकांतासाठी लिहिली गेली, हे इतिहासाला धरून नाही. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. विधवांच्या स्थितीवर घराघरात बोलणे व्हावे हाच तिचा हेतू. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः दिली. तिची निवेदक यमुना आपली हकीकत स्वतः सांगते, जणू समोर कोणी ऐकायला बसले आहे. आठवड्याचा अंक संपला की पुढचा येईपर्यंत सात दिवस उरतात. त्या दिवसांत वाचक गोष्टीचे काय करत असेल? बोलत असेल, याशिवाय दुसरे उत्तर मला सुचत नाही.

वसईत या रीतीला आणखी एक पदर आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. इथल्या घरात बोलली जाणारी भाषा आणि पुस्तकाची भाषा एक नाही. कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण सामवेदी बोलतात, वाडवळ वाडवळी, कोळीवाड्यांची बोली आणखी निराळी. छापील मराठी कादंबरी अशा घरात सांगायची म्हणजे ती दुसऱ्या बोलीत नव्याने रचायची. पात्राचा राग, टोमणा, लाड हे सगळे घरच्या शब्दांत आणावे लागते, आणि ते आणताना सांगणाऱ्याला पुस्तक खरोखर कळले आहे की नाही हे उघडे पडते. चर्चमध्येही हेच घडले. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ती मराठीत आल्यावर गावातली साधी माणसे वेदीजवळ उभी राहून शास्त्रपाठ मोठ्याने वाचू लागली. ज्या समाजाने असे कान तयार केले त्यातूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले. 1983 ते 2007 ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू ठरले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घरातले सामूहिक वाचन समानतेचे कधीच नव्हते. वाचायचा पुरुष, ऐकायची बाई. काय वाचायचे ते ठरवणार वडीलधारे. रमाबाई रानड्यांच्या 1910 च्या आठवणी वाचल्या की शिकू पाहणाऱ्या सुनेला घरातल्याच बायकांकडून काय सोसावे लागले ते दिसते. कित्येक मुलींना पुस्तक लपवूनच वाचावे लागले, आणि त्यांच्यासाठी एकांत ही चैन नव्हती, सुटका होती. हे नाकारून जुन्या रीतीचे गुणगान करणे अन्याय होईल. पण दोष कोणी सांगायचे आणि कोणी गप्प बसायचे या वाटणीत होता, सांगण्यात नव्हता. आज विरार लोकलमध्ये सून, सासू, मुलगा सगळेच आपापल्या मोबाइलवर आपापले वाचतात. प्रत्येकाला आपला एकांत मिळाला. आता कोणीही कोणाला सांगू शकतो, आणि नेमके आताच सांगणे थांबत चालले आहे.

म्हणून वसई-विरारच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात एखादी मराठी कादंबरी सामवेदीत, वाडवळीत किंवा कोळी बोलीत सांगणारी आजी किंवा काका अजून असतील, तर त्यांच्याकडून ती पुन्हा सांगवून घ्या आणि त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. कादंबरीची प्रत पुन्हा मिळेल. तिचे हे घरगुती रूप दुसरीकडे कुठेही छापलेले नाही.