पुरातन शैलीचे अलंकार: प्रतिकृती आणि प्रक्षेप

गतशतकांच्या शैलीत नव्याने घडविलेला अलंकार इतिहासाचे साधन म्हणून हाती येतो, तेव्हा पाठचिकित्सकाला परिचित असलेलाच प्रश्न उभा राहतो: ही मूळ संहितेची नक्कल, तिच्यात शिरलेला प्रक्षेप, की सर्वस्वी बनावट पोथी? एकोणिसाव्या शतकातील रोमच्या कास्तेल्लानी घराण्याच्या कामात यांपैकी पहिले दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी (1794–1865) याने 1814 मध्ये आपली पेढी काढली. 1836 मध्ये चेर्वेतेरी येथे रेगोलिनी-गालास्सी हे इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील एत्रुस्कन थडगे उघडले गेले. त्यातील सुवर्णालंकारांवर जडविलेले सोन्याचे सूक्ष्म रवे हे या घराण्यापुढील कोडे होऊन बसले. नेहमीचा डाख वितळून रव्यांच्या फटींत उतरे आणि नक्षी बुजून जाई. सान्तान्जेलो इन वादो या गावी जुनी कारागिरी टिकून होती. तेथील कारागीर रोमला आणले गेले. टाकणखाराऐवजी सोमलाचे क्षार वापरून आणि डाखाची कानशीने अतिसूक्ष्म पूड करून पाहिली गेली. आलेस्सान्द्रो या पुत्राने हे प्रयोग स्वतःच नमूद करून ठेविले आहेत, आणि प्राचीनांची बरोबरी साधली नसल्याचेही त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. तांब्याचा क्षार व सरस यांच्या मिश्रणाने डाखावाचून रवे बसविण्याची रीत लिटलडेल याने पेटंट केली ती 1933 मध्ये.

या अपयशाला मी विशेष महत्त्व देतो. आकृतिबंध पुस्तकातून उचलता येतो. हाताची सवय तशी उचलता येत नाही. भाषेतही जुने प्रत्यय लावणारा लेखक वाक्यरचनेत आपले शतक उघड करतो, तसेच येथे घडते. शिवाय, परस्परांत गुंतलेल्या दोन 'सी' अक्षरांची मुद्रा उमटवून या पेढीने नव्या वस्तू आपल्या म्हणून विकल्या. त्यांत फसवणूक नाही.

खरी अडचण दुरुस्तीची आहे. मार्केझे काम्पाना याच्या संग्रहातील प्राचीन अलंकारांची यादी व डागडुजी याच बंधूंच्या हाती आली. तो संग्रह 1861 मध्ये तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतला, आणि त्यातील अलंकार आज लूव्ह्र संग्रहालयात आहेत. त्यांपैकी कित्येकांत प्राचीन तुकडे व एकोणिसाव्या शतकातील भर अशी सांगड आढळते. आणि या भरीवर मुद्रा नाही. अशा दागिन्याच्या घडणीवरून एत्रुस्कन अभिरुचीविषयी विधान करणारा अभ्यासक कदाचित रोममधील एका कारखान्याचीच अभिरुची वर्णीत असतो.

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण आखेनचा सुवर्णकार राइनहोल्ड फास्टर्स (1827–1909) हा होय. त्याच्या प्रबोधनकालीन थाटाच्या वस्तू अनेक संग्रहांत सोळाव्या शतकाच्या म्हणून मिरवत होत्या. त्याची सुमारे एक हजार रेखाटने 1919 पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पडून होती; त्यांचा या वस्तूंशी मेळ घातला गेला तो 1979 मध्ये.