इंग्रजीतील आवश्यकतादर्शक साहाय्यक क्रियापदे

कर्तव्य, सक्ती किंवा गरज दाखवण्यासाठी मुख्य क्रियापदाआधी येणारी क्रियापदे : मस्ट, शॅल, शुड, ऑट टू, नीड. शालेय व्याकरणात यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. हॅव टू रूपाने साधे क्रियापद असले, तरी अर्थाने याच गटात मोजतात.

व्युत्पत्ती : शॅलचा मूळ अर्थ ‘देणे लागणे’. शुड हे त्याचेच भूतकाळी रूप. ऑट हेही मालकी व देणे दाखवणाऱ्या जुन्या क्रियापदाचा भूतकाळ. कर्तव्य म्हणजे कर्ज, ही कल्पना मराठीलाही परकी नाही. ‘मी त्याचे शंभर रुपये लागतो’ आणि ‘मला जावे लागते’ यांत लागणे एकच आहे. मस्ट मुळात भूतकाळी असून आज त्याला स्वतःचा भूतकाळ नाही. तेथे हॅड टू येते.

मस्ट आणि हॅव टू : मस्टमधील सक्ती बोलणाऱ्याची, हॅव टूमधील बाहेरची, असा भेद बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्ष वापरात तो नेहमी पाळला जात नाही.

भूतकाळ : ‘हॅड टू गो’ म्हणजे जावे लागले, आणि माणूस गेला. ‘शुड हॅव गॉन’ म्हणजे जायला हवे होते, पण गेला नाही.

नकार : सर्वाधिक चुका येथे होतात. होकारात मस्ट आणि हॅव टू शेजारी बसतात, नकारात एकदम दुरावतात. मस्ट नॉट म्हणजे मनाई. डोन्ट हॅव टू आणि नीड नॉट म्हणजे गरज नाही. औषधाच्या चिठ्ठीवर ‘मस्ट नॉट’ असेल, तर गोळी रिकाम्या पोटी घेता कामा नये. ‘नीड नॉट’ असेल, तर घेतली नाही तरी चालेल. मराठीत पहिल्यासाठी ‘कामा नये’, दुसऱ्यासाठी ‘गरज नाही’ अशी नेमकी सोय आहे. ‘घ्यायला नको’ मात्र दोन्हीकडे झुकते. भाषांतरकाराने ते अशा ठिकाणी टाळलेच पाहिजे.

कायद्यातील शॅल : भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात शॅल जागोजाग आहे. मराठी पाठात त्याच्या जागी बहुधा साधा भविष्यकाळ येतो : ‘करील’, ‘असेल’. त्यामुळे ‘राज्य शासन नियम करील’ हे वाक्य भाकीत नसून आदेश आहे, हे वाचकाला ठाऊक असावे लागते. शॅल आले म्हणजे तरतूद बंधनकारक झाली, असेही नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव (१९५७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीच्या अनुच्छेद ३२० मधील शॅल निदेशात्मक ठरवले. सल्ला घेतला नाही एवढ्यावरून शासनाची कारवाई रद्द होत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने शॅल सोडून मस्ट स्वीकारले. अमेरिकेच्या संघराज्य दिवाणी प्रक्रिया नियमांतूनही २००७ च्या पुनर्लेखनात शॅल काढले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दिशा योग्य आहे. ज्याच्यावर बंधन येते त्याला ते वाचताक्षणी कळले पाहिजे.

तांत्रिक मानके : इंटरनेटच्या मानकांसाठी स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये लिहिलेल्या आरएफसी २११९ मध्ये मस्ट आणि शॅल समानार्थी आहेत, शुड ही शिफारस असून सबळ कारण असल्यास ती बाजूला ठेवता येते.

वापरातील घट : जेफ्री लीच यांनी १९६१ व १९९१ च्या सुमाराच्या लिखित इंग्रजीची तुलना केली, तीत मस्ट, शॅल, ऑट टू आणि नीड घटलेले आढळले.

तर्कार्थ : ‘ही मस्ट बी टायर्ड’ म्हणजे तो दमला असणार, येथे सक्ती नाही.