तोफांचे बार आणि वाऱ्याचा हिशेब

सेंट जॉर्जचा किल्ला आणि सेंट थॉमस माउंटची छावणी, दोन्हीकडे सकाळ-संध्याकाळ तोफ उडत असे. १८२०-२१ च्या सुमारास मद्रास वेधशाळेच्या जॉन गोल्डिंगहॅमने या रोजच्या बारांना कामाला लावले. उजेड दिसला की मोजायला सुरुवात करायची, आवाज आला की थांबायचे, आणि सोबत तापमान, हवेचा दाब, ओलावा व वारा टिपून ठेवायचा. रॉयल सोसायटीने १८२३ मध्ये छापलेल्या त्याच्या नोंदींत डिसेंबर-जानेवारीचा ध्वनिवेग सेकंदाला ११०० फुटांच्या आसपास आहे, जुलैचा ११६० च्या वर. उष्ण हवेत आवाज जलद जातो हे खरेच. पण एका सेल्सिअस अंशामागे ही वाढ जेमतेम दोन फुटांची. मद्रासच्या महिन्यामहिन्यांतल्या सरासरी तापमानातला फरक पाचेक अंशांचा, म्हणजे त्यातून दहा फूट निघतील, साठ निघणार नाहीत. शिवाय पारा सर्वात वर चढला तो मे महिन्यात आणि वेग जुलैत. उरलेल्या पन्नास फुटांत वारा किती, ओलावा किती आणि घड्याळ धरणाऱ्याची चूक किती, हे त्या आकड्यांतून वेगळे करता येत नाही, कारण प्रत्येक मार्गावर आवाज एकाच बाजूने येत होता. ध्वनीने वायूचे तापमान आणि वेग मोजण्याच्या आजच्या विद्येचे मूळ मला याच अडचणीत दिसते. वारा आणि उष्मा यांची भेसळ काढून टाकण्यासाठी जी युक्ती निघाली, तीच पुढे त्या दोघांना मोजण्याची युक्ती झाली.

भेसळीची जाणीव जुनी होती. विल्यम डेरहॅमने इंग्लंडमधल्या अपमिन्स्टरच्या चर्चवरून तोफांचे आवाज मोजले आणि १७०९ पर्यंत वाऱ्याचा परिणाम नोंदवला. ऋतूचा मात्र काही फरक पडत नाही असे तो ठामपणे म्हणाला. बोलोन्याच्या ब्यांकोनीने १७४० मध्ये हे खोडून काढले: तेवढेच अंतर कापायला आवाजाला थंडीत जास्त वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकात वेग मोजणाऱ्यांचा हेतू मात्र हवामान जाणण्याचा नव्हता. न्यूटनच्या गणिताने काढलेला वेग प्रत्यक्षापेक्षा बराच कमी येत होता, लाप्लासने १८१६ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली होती, आणि ती पारखायला खात्रीचा आकडा हवा होता. जून १८२२ मध्ये आरागो, गे-ल्युसॅक, हुम्बोल्ट प्रभृतींनी पॅरिसजवळ व्हिलज्विफ आणि माँल्हेरी या दोन ठिकाणांहून आळीपाळीने तोफा डागल्या. पण एका बाजूचे बार दुसरीकडे धड ऐकूच येईनात. पुढच्या जूनमध्ये मोल आणि व्हान बेक यांनी उट्रेक्टजवळच्या माळरानावर, साडेसतरा किलोमीटरवरच्या दोन टेकड्यांवरून, एकाच वेळी बार काढले. एका आवाजाला वारा पुढे ढकलतो तेवढाच दुसऱ्याला मागे ओढतो. दोन वेगांची सरासरी घेतली की वारा गळून पडतो. शून्य अंशाच्या कोरड्या हवेसाठी त्यांना मिळालेला आकडा सेकंदाला ३३२.०५ मीटर होता, आजच्या ३३१.३ च्या अगदी जवळ. दोन वेगांमधली निम्मी तफावत म्हणजे त्या मार्गावरचा वारा, पण तिचा त्यांना उपयोग नव्हता.

यावर कोणी म्हणेल की हा पश्चातबुद्धीचा इतिहास झाला. खरे श्रेय इलेक्ट्रॉनिक्सला द्यावे. आक्षेपात तथ्य आहे. सेकंदाला एक मीटर वाऱ्याने उट्रेक्टच्या अंतरावर सुमारे ०.१५ सेकंदाचा फरक पडतो, जो चांगल्या घड्याळाला सापडतो. १५ सेंटीमीटरच्या अंतरावर तोच फरक मायक्रोसेकंदापेक्षा जरासाच मोठा, आणि तो पकडायला विसावे शतक उजाडावे लागले. पण घड्याळ सूक्ष्म झाले म्हणून मोजायचे काय ते बदलले नाही. मोठा खुलासा हवा तो निराळ्याच गोष्टीचा: कल्पना हाताशी असताना शतकभर कोणी ती का वापरली नाही? कारण साधा तापमापक स्वस्त होता आणि पुरत होता. आल्फ्रेड मेयरने १८७३ मध्ये भट्टीचे तापमान ध्वनीने मोजायचे सुचवले, ते अशा ठिकाणी जिथे काच आणि पारा टिकत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉकेटमधून ठरावीक उंचीवर बाँबगोळे फोडून, जमिनीवरच्या मायक्रोफोनांनी त्यांचे आवाज टिपून, वरच्या विरळ हवेचे तापमान आणि वारे काढले गेले. तिथे तापमापक हवेपेक्षा उन्हाचेच मोजमाप सांगतो. जमिनीलगत अडचण उलटी होती. वाट्यांचा वायुवेगमापक फिरायला लागेपर्यंत झोत निघून गेलेला असतो. कैमल आणि बुसिंगर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या ध्वनियंत्राचे नावच वायुवेगमापक-तापमापक असे जोडीचे होते, आणि १९६८ च्या कॅन्सस प्रयोगात अशा यंत्रांनी हवेतली सूक्ष्म खळबळ टिपली.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: ध्वनीला तापमान कळतच नाही, त्याला कळते ते वायूचे तापमान आणि त्याच्या रेणूंचे वजन यांचे गुणोत्तर. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, म्हणून यंत्र ती आहे त्याहून गरम सांगते. समुद्रकाठच्या उन्हाळ्यात ही चूक तीनेक अंशांपर्यंत जाते. बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलले तरी तेच होते. गोल्डिंगहॅमने ओलावा टिपला तो यासाठीच उपयोगी. समोरासमोर बार काढून वारा वेगळा होतो, वायूची घडण होत नाही. ती दुसरीकडून कळावी लागते. म्हणूनच ध्वनीने तापमानाचे सर्वात अचूक मोजमाप झाले ते वाहत्या वायूत नव्हे, तर जवळपास गोल आकाराच्या धातूच्या पोकळीत कोंडलेल्या शुद्ध अर्गॉन आणि हेलियममध्ये. केल्विनची २०१९ ची नवी व्याख्या ज्या बोल्टझमन स्थिरांकावर उभी आहे, त्याची किंमत ठरवण्यात मोठा वाटा अशाच पोकळ्यांतल्या प्रयोगांचा होता.