बंदीला मुदत असावी काय?

पुण्याहून मुंबईकडे जाताना देहूरोड मागे पडला, की द्रुतगती मार्गाच्या कडेला गहुंज्याचे मैदान दिसू लागते. आपल्या ह्या उद्योगनगरीतील लोक सामन्याच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तेथे जातात. हे मैदान २०१२ साली सुरू झाले, म्हणजे त्याचे वय लहान आहे. तरीही त्याच्या इतिहासातील दोन दिवस मला आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत. कारण आजच्या प्रश्नाची दोन्ही टोके ह्या दोन दिवसांत सापडतात.

पहिला दिवस २६ मार्च २०२१ चा. भारत व इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता. साथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. आतील आसने ओस पडली होती. पण बाहेरच्या उंच जागा ओस नव्हत्या. तेथून दुर्बिणी लावून काही मंडळी चेंडूगणिक खबर पुढे पाठवीत होती. मैदानात चेंडू पडणे आणि तो घरोघरच्या पडद्यावर दिसणे ह्यांत काही क्षणांचे अंतर असते. तेवढ्या क्षणांच्या भांडवलावर त्यांचा सट्टा चालला होता. पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी ३३ जणांना पकडले. त्या प्रकरणात कोणा खेळाडूवर ठपका आला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण सट्ट्याची वाळवी घराच्या भिंतीपर्यंत आली होती, हे सर्वांना दिसले.

दुसरा दिवस ३० ऑक्टोबर २०२३ चा. विश्वचषक स्पर्धेत अफगाणिस्तानने श्रीलंकेला त्याच मैदानावर ७ गडी राखून हरविले. विजयी संघाचे मार्गदर्शक होते अजय जडेजा. हेच जडेजा डिसेंबर २००० मध्ये सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याच्या ठपक्यावरून पाच वर्षांच्या बंदीस पात्र ठरले होते. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी उठविली. परंतु भारतीय संघाचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. वीस वर्षांनंतर एका परक्या, धडपडणाऱ्या संघाला त्यांचा अनुभव उपयोगी पडला आणि गहुंज्याच्या प्रेक्षकांनी टाळ्याही वाजविल्या. त्या टाळ्या वाजविताना आपण अपराधाचा आरोप विसरलो होतो, की शिक्षा पुरी झाली असे मानले होते? ह्या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे.

हा इतिहास थोडा मागून पाहू. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए ह्याचे नाव उघड केले आणि क्रिकेटच्या सभ्यपणाचा बुरखा फाटला. क्रोनिएने पैसे घेतल्याचे कबूल केले. त्याला आजन्म बंदी झाली आणि १ जून २००२ रोजी विमान अपघातात तो मरण पावला. परत येण्याचा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडे महंमद अझरुद्दीन ह्यांना आजन्म बंदी झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरविली, तेव्हा ते ४९ वर्षांचे होते आणि त्यांच्या कसोटी सामन्यांचा आकडा ९९ वरच थांबला होता. न्यायालय बंदी उठवू शकते; गेलेली वर्षे परत देऊ शकत नाही.

परंतु आपल्याला सर्वांत जवळचे असे उदाहरण मुंबईच्या अंकित चव्हाणचे आहे. डावखुरा फिरकी गोलंदाज. २०१२-१३ च्या हंगामात त्याने पंजाबविरुद्ध एका डावात २३ धावांत ९ बळी घेतले आणि त्याच हंगामात मुंबईने रणजी करंडक चाळिसाव्यांदा जिंकला. १६ मे २०१३ च्या पहाटे श्रीशांत व अजित चंडिला यांच्याबरोबर त्याला दिल्ली पोलिसांनी अटक केली. ठरवून धावा देण्यासाठी पैसे ठरले होते, असा आरोप होता. त्याचे लग्न तोंडावर आले होते. न्यायालयाने त्यासाठी जामीन दिला आणि २ जूनला लग्न लागले. सप्टेंबरमध्ये क्रिकेट मंडळाने त्याला आजन्म बंदी घातली. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

येथे एक विचित्र पेच पडला. सामना विकणे हा आपल्या देशात स्वतंत्र गुन्हा म्हणून कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. म्हणून पोलिसांनी महाराष्ट्राने १९९९ साली टोळीवाल्यांसाठी केलेला आणि पुढे दिल्लीलाही लागू झालेला ‘मोका’ वापरला. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सर्वांना आरोपमुक्त केले. तरी मंडळाची बंदी कायम राहिली. मंडळाचे म्हणणे असे, की फौजदारी गुन्हा आणि शिस्तभंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे म्हणणे चूक नव्हते. अमेरिकेतही शिकागोच्या आठ बेसबॉल खेळाडूंना १९२१ मध्ये पंचांनी निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना खेळातून कायमचे काढण्यात आले. खरा प्रश्न पुढचा होता: शिस्तभंगाची शिक्षा किती?

ह्या प्रश्नाचे उत्तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगाराला फार दिवसांपासून ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि तिच्यामागून शेकडो कारखाने आले. ह्या पट्ट्यात आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी, निलंबन, बडतर्फी हे शब्द शाळकरी मुलालाही माहीत असतात. चौकशीत दोष सिद्ध झाला, तरी प्रत्येक दोषाला बडतर्फीच द्यावी काय? पूर्वी मालकाच्या शिक्षेत कामगार न्यायालयाला सहसा हात घालता येत नसे. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घातले गेले. आणि बडतर्फी अन्याय्य वाटल्यास ती रद्द करून कमी शास्ती देण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. दोष मान्य, पण शिक्षा दोषाच्या मापाची हवी, हे त्या कलमाचे सार होते.

१५ मार्च २०१९ रोजी श्रीशांतच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. दोषाचा निष्कर्ष न्यायालयाने ठेवला. पण आजन्म बंदी देताना समितीने अपराधाचे वजन, परिस्थिती, आरोपीच्या बाजूचे मुद्दे तोलले नाहीत, म्हणून शिक्षेचा फेरविचार करावा असा आदेश दिला. मंडळाच्या लोकपालांनी बंदी सात वर्षांची केली. चव्हाणलाही २०२१ मध्ये तोच न्याय लागू झाला; बंदी सात वर्षांची ठरली, म्हणजे ती आधीच संपून गेली होती. पस्तीस वर्षांच्या गोलंदाजापुढे आता क्लबची मैदाने होती. आणि २०२४ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला चौदा वर्षांखालील मुलांच्या संघाचे प्रशिक्षकपद दिले.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्याने इमान राखले, त्याचे काय? संघात जागा न मिळालेल्या प्रामाणिक मुलाने काय समजावे? तिकिटासाठी ताटकळणाऱ्या प्रेक्षकाचा विश्वास फसला, त्याची भरपाई कोण करणार? पाकिस्तानचा महंमद आमिर १८ वर्षांचा असताना २०१० मध्ये लॉर्ड्सवर ठरवून नोबॉल टाकून बसला. त्याने लंडनच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, तुरुंगवास भोगला, पाच वर्षांची बंदी भोगली. २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात आपले पहिले तीन फलंदाज त्यानेच बाद केले. पराभवाने आपण हळहळलो; पण तो खेळण्यास अपात्र आहे, असे म्हणावयास जागा नव्हती. त्याने मोल चुकते केले होते. ज्याची शिक्षा पुरी झाली त्याला पुन्हा शिक्षा देणे हा प्रामाणिक मुलाला न्याय नव्हे, तो केवळ सूड होय.

मात्र परत घेणे म्हणजे पूर्वपदावर बसविणे नव्हे. ह्या बाबतीत आपलाच इतिहास बोलका आहे. सरनोबत नेताजी पालकर पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर पोहोचला नाही, म्हणून शिवाजी महाराजांनी त्याला पदावरून दूर केले. तो विजापूरकडे, तेथून मोगलांकडे गेला आणि औरंगजेबाच्या चाकरीत धर्म व नाव दोन्ही बदलून दूर वायव्येकडे राहिला. १६७६ मध्ये तो परतला तेव्हा महाराजांनी त्याला शुद्ध करून आपल्यात घेतले. घराचे दार उघडले. पण सरनोबतीवर तेव्हा हंबीरराव मोहिते होते आणि तेच राहिले. माणसाला जवळ करणे आणि दौलतीची जोखीम पुन्हा हाती देणे ह्या दोन गोष्टी महाराजांनी वेगळ्या ठेवल्या. क्षमा आणि विश्वास ह्यांचे हिशेब वेगवेगळे असतात. पहिली एका दिवसात देता येते, दुसऱ्याला वर्षे लागतात.

म्हणून माझे मत असे, की बंदीला मुदत असावी, ती दोषाच्या मापाने असावी आणि ते माप आधी लिहून ठेवलेले असावे. गहुंज्यातच त्याचा दाखला आहे. २०१७ मध्ये तेथील खेळपट्टीच्या प्रमुखांनी आपल्याकडे आलेल्या भेटीगाठींची वर्दी दिली नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यांना सहा महिने दूर ठेवले. एप्रिल २०१८ मध्ये ती मुदत संपली. वर्दी न देणाऱ्याला आणि सामना विकणाऱ्याला एकाच तराजूत घालता येत नाही. जो सट्टेबाजांसाठी इतरांना जाळ्यात ओढतो, त्याला कायमचे दूर ठेवण्यासही माझी हरकत नाही. परंतु ते कारणे देऊन, तोलून ठरावे. रागाच्या भरात ठरू नये.

शेवटी मुलांविषयी बोलतो. थेरगावच्या अकादमीत सराव करून ऋतुराज गायकवाड भारतीय संघात गेला, हे आपल्या शहराला भूषण आहे. आज तेथे आणि निगडी, भोसरी, सांगवीच्या मैदानांवर शेकडो मुले घाम गाळीत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याकडे उद्या कोणी गोड बोलत येईल. तो पहिल्या भेटीत सामना हरावयास सांगणार नाही. एखादे घड्याळ देईल, खेळपट्टी कशी आहे एवढेच विचारील. त्या क्षणी मुलाला धाक उपयोगी पडेलच असे नाही. उपयोगी पडेल ती वडीलधाऱ्यांजवळ धावत जाऊन सांगण्याची हिंमत. आणि एक चूक झाली तर आपण कायमचे बुडालो, अशी ज्याची समजूत आहे, तो मुलगा सांगावयास येत नाही, लपवितो. परतीचे दार उघडे आहे, पण त्याचा उंबरठा उंच आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तोच वेळेवर येऊन सांगतो. बंदीला मुदत हवी ती अपराध्यासाठी तर हवीच. पण त्याहूनही अधिक ती ह्या मुलांसाठी हवी.